जोडीचा पेला

बायकोच्या थोरल्या बहिणीकडे जेवायला जावं लागलं तर जावं. पण जेवण झाल्यावर तिच्या शोकेससमोर उभं राहू नये. राहिलंच तर तोंड बंद ठेवावं. एवढं साधं शहाणपण मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझी डावी भुवई आज जागेवर असती. पण आमच्याकडे वेळेवर कुणी काही सांगत नाही. नंतर सांगायला मात्र अख्खी इमारत येते.

माझे साडू एका मोठ्या कंपनीत मोठे साहेब आहेत. ते परदेशात जातात, तिथून वस्तू आणतात, आणि मग त्या वस्तू बघण्यासाठी आम्हाला जेवायला बोलावतात. आम्ही बिचारे जेवण समजून जातो. त्या दिवशी शोकेसमध्ये एक छोटा दिवा लावला होता आणि दिव्याखाली काचेचा एक पेला होता. पातळ, उंच वाटी. खाली गोल बैठक. आणि मधल्या दांड्याच्या जागी मान वळवून बसलेला निळा हंस. व्हेनिसच्या पद्धतीचं काम, साडू म्हणाले. तिकडचे कारागीर काचेची नळी ज्योतीवर धरतात, फुंकतात, ओढतात, आणि असले पेले बनवतात. शोकेसला कुलूप होतं आणि किल्ली ताईंच्या कमरेला. ताई म्हणजे माझी मेहुणी. पेला बघायचा तो काचेपलीकडून, आणि तोही हात मागे बांधून.

"जोडी होती हो," ताई म्हणाल्या. "दुसरा सामान उतरवताना फुटला. आता हा एकटा बघवत नाही."

मी फक्त इतकंच म्हणालो, "दिसतं अवघड, पण तंत्र समजलं की तसं कठीण नसावं."

आता यात चुकीचं काय आहे? चार बुकं शिकलेला कुठलाही माणूस हे वाक्य पुलाबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल, देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्याला कुणी लगेच सुरी आणून देत नाही. पण ताई मोठ्यांदा हसल्या.

"तुम्ही? अहो भाऊजी, मागे आमच्याकडे खिळा ठोकायला घेतलात, तर शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं!"

तो दोष भिंतीचा होता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. साडू हसले. साडूंचे पाहुणे हसले. हे सगळं मी गिळायला तयार होतो. सासरवाडीच्या माणसांत राहून मला त्याचा सराव झाला आहे. पण माझी बायको, जिने लग्न झाल्यापासून चारचौघांत माझी बाजू म्हणून कधी घेतली नाही, मी बरोबर असतानासुद्धा नाही, तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "हे करून देतील. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे साहेबांचं जेवण आहे ना? त्याच्या आत. असाच्या असा. तुझी जोडी पुरी होईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. 'हे' म्हणजे कोण, म्हणून मीसुद्धा मागे वळून पाहिलं.

घरी येताना मी विचारलं, "हे काय बोलून बसलीस?"

"लहानपणापासून ऐकतेय," ती म्हणाली. "तिची वेणी लांब, तिचे मार्क जास्त, तिचा नवरा साहेब. माझं म्हणजे सगळं तिच्यापेक्षा थोडं कमी. आज नाही ऐकवलं मला. आता तुम्ही बघा काय ते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही."

एरवी या आश्वासनाने मला आनंद झाला असता. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा प्रकरण गंभीर होतं आणि मी त्यात गळ्यापर्यंत बुडालो होतो.

शोधाशोध करून मी एक शिकवणी लावली. शिकवणारे गृहस्थ एका गॅरेजमध्ये बसत. मी त्यांना मनातल्या मनात काचमहर्षी म्हणत असे. एकदा सुट्टीत ते व्हेनिसला जाऊन आले होते आणि उरलेलं आयुष्य त्या सुट्टीवर काढत होते. स्वतः ते काही बनवत नसत. डोळे मिटून म्हणत, "काच आपल्याशी बोलते. तिचं ऐका." मी ऐकलं. ती बोलली नाही. ती वितळून माझ्या बुटावर पडली. मी बोललो, ते मात्र इथे लिहिण्यासारखं नाही.

काम असं असतं. एक बर्नर असतो. त्यात गॅस आणि ऑक्सिजन मिसळून सुईसारखी निळी ज्योत निघते. काचेची नळी दोन्ही हातांनी त्या ज्योतीत धरून सारखी फिरवत राहायची. काच मऊ झाली की ज्योतीबाहेर काढून हळूच फुंकायची. फिरवणं क्षणभर थांबलं की काच खाली लोंबते. दोन्ही हातांचा वेग एक नसला की ती पिळली जाते. माझा उजवा हात कामसू आहे. डाव्या हाताने मात्र आजवर घड्याळ बांधून घेण्यापलीकडे कसली जबाबदारी घेतलेली नाही, हे मला या वयात कळलं. "फिरवा!" महर्षी ओरडायचे. मी फिरवायचो. "हळू फुंका!" मी हळू फुंकायचो. "अहो, इतकं हळू नव्हे!" मग मी जरा मनापासून फुंकलं, तेव्हा काचेचा एक फुगा फुटून त्याच्या पापुद्र्यांचा पाऊस पडला. डोकं वाकवून ते वेचायला गेलो आणि ज्योत जवळच होती, हे विसरलो. भुवई गेली ती तिथे.

"व्हेनिसमध्ये असं होत नाही," महर्षी डोळे न उघडता म्हणाले. त्यांची स्वतःची भुवई गेली असती तर कळलं असतं.

पुढचा सराव घरी करायचा ठरलं. आमच्या बंद गॅलरीत वॉशिंग मशीन आहे. त्याच्या शेजारी मी एक लोखंडी टेबल टाकलं. बर्नर आणला, डोळ्यांवर लावायचा गुलाबी चष्मा आणला, विजेवर चालणारी एक छोटी भट्टी आणली. राहिला ऑक्सिजन.

ऑक्सिजनच्या दुकानदाराने विचारलं, "पेशंट कोण?"

"पेशंट कुणी नाही."

"मग ऑक्सिजन कुणाला?"

"काचेला."

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि आतल्या माणसाला सांगितलं, "साहेबांना खुर्ची द्या. पाणी पण द्या." मी खुर्चीत बसायला नकार दिला. मग तो डॉक्टरची चिठ्ठी मागू लागला. चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्याने मला कारखान्यांना ऑक्सिजन पुरवणाऱ्या कचेरीत धाडलं. तिथल्या कारकुनाने कारखान्याचा परवाना मागितला. मी म्हणालो, कारखाना नाही, घरीच करतो. तो म्हणाला, मग घरगुती परवाना आणा. असा परवाना कुठे मिळतो, असं विचारलं तर म्हणाला, "असा परवाना नसतोच." आणि पुन्हा आपला डबा खाऊ लागला. प्रामाणिक माणसाने या जगात करायचं तरी काय? शेवटी आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला दया आली आणि त्याने स्वतःचा एक सिलेंडर दिला.

दोन हमालांनी तो सिलेंडर जिन्याने वर आणला. तो वर येताना संपूर्ण इमारतीने पाहिला, आणि संपूर्ण इमारतीने एकच निष्कर्ष काढला.

पहिल्या आल्या त्या समोरच्या काकू. हातात सफरचंदांची पिशवी. दारातच दबक्या आवाजात त्यांनी बायकोला विचारलं, "कोण गं? हेच का?"

"मी ठणठणीत आहे, काकू," मी आतून म्हणालो.

"असंच म्हणायचं हो. धीर सोडायचा नाही." मग माझ्या कपाळाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "औषधं सुरू झालेली दिसतात. केस जातातच. परत येतात म्हणे."

भुवई ज्योतीने गेली, हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या आणि जाताना बायकोला म्हणाल्या, "बोलण्यात जरा विसंगती आहे, पण आवाज खणखणीत आहे अजून."

त्यानंतर रीघ लागली. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांच्या मामांना असंच झालं होतं, अशी हकीगत सांगितली. मामांचं पुढे काय झालं, असं विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले. कुणी आंघोळ गरम पाण्याने करा म्हणालं, कुणी गारच करा म्हणालं. सोसायटीचे सेक्रेटरी दोन मोसंबी घेऊन आले, माझा हात हातात घेऊन बसले, आणि उठताना म्हणाले, "घाई नाही, पण तुमची खालची पार्किंगची जागा... म्हणजे पुढेमागे कधी... वहिनी काही गाडी चालवत नाहीत ना?" जिवंत माणसासमोर! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी ताडकन उठलो, त्यांना गॅलरीत ओढत नेलं, गुलाबी चष्मा चढवला, बर्नर पेटवला आणि काचेची एक कांडी वितळवून दाखवली.

त्या क्षणी मी रोगी राहिलो नाही. मी स्फोटक झालो. संध्याकाळपर्यंत इमारतीभर झालं की आम्ही घरात बाँब ठेवला आहे. कालपर्यंत जे लोक फळं आणत होते ते जिन्यात भिंतीला चिकटून चालू लागले. काकू सफरचंदं परत न्यायला आल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

साडूंचा फोन आला तो यात भर घालायला. कुठून तरी पहिली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि दुसरी पोचली नव्हती. "साडूबुवा, पेल्याचं मनाला लावून घेऊ नका. आधी तब्येत. ही म्हणते, आम्ही कुठे खरं धरलं होतं?" बायकोने हे ऐकलं. तिने गॅलरीतले वाळत घातलेले कपडे काढले, वॉशिंग मशीनवर एक स्टूल ठेवलं आणि त्यावर बसून म्हणाली, "हं. फिरवा."

आता कामाला जोर आला. हंस करणं किती अवघड, हे हंसालाच माहीत. पहिला हंस नळासारखा झाला. "नळ छान झालाय," बायको म्हणाली. दुसऱ्याची मान इतकी लांब झाली की ती शेपटीच्या मागून परत आली. तिसऱ्याला चोच आणायला गेलो तर डोकंच गळून पडलं. मग मी सोप्या गोष्टीकडे वळलो आणि वाटी नि बैठक छान जमवली. हंसही बरा जमला. तिन्ही जोडून पेला उभा केला, तेव्हा बायकोने टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून 'टिंग' असा आवाज आला. जाऊन बघतो तर वाटी एकीकडे, हंस दुसरीकडे, आणि बैठक जागच्या जागी.

मी तुकडे घेऊन महर्षींकडे गेलो. त्यांनी ते बोटांनी चाचपले. "नळी प्रयोगशाळेच्या दुकानातून आणली का? ती कडक काच. हंसाची कांडी मऊ काच. दोघी थंड होताना एकसारख्या आकसत नाहीत. त्यांचं जमत नाही. सगळ्यांना माहीत असतं हे."

"मला माहीत नव्हतं!"

"तुम्ही विचारलं नाहीत," महर्षी म्हणाले.

शिकवणी लावणं म्हणजेच विचारणं असतं, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं. मी सांगितलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

सगळी मऊ काच आणली. पुन्हा सुरुवात केली. आता शेवटचा एक नियम उरला होता आणि तो महर्षींनी न विचारता सांगितला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पेला झाला की तो गरम असतानाच भट्टीत ठेवायचा आणि भट्टीच्या आत हळूहळू, दुसऱ्या सकाळपर्यंत थंड होऊ द्यायचा. मध्ये दार उघडायचं नाही. गार वारा लागला की काच तडकते.

उघडायचं नाही, एवढीच गोष्ट. पण आमच्या इमारतीत बंद दार दिसलं की लोकांना चैन पडत नाही. मी एक सुरेख पेला भट्टीत ठेवून ऑफिसला गेलो. बायको भाजी आणायला गेली. शेजारधर्म म्हणून आमची एक किल्ली काकूंकडे असते. त्या काळजीपोटी डोकवायला आल्या, कारण गॅलरीत काहीतरी लाल दिसत होतं. घरात शिरल्या, भट्टीचं दार उघडलं, बघितलं, "अगंबाई, गोड आहे," म्हणाल्या, आणि दार लावून गेल्या. हे त्यांनी आम्हाला स्वतःच कौतुकाने सांगितलं. पेला उभा चिरला होता.

"मी तर फक्त एकदाच उघडलं," त्या म्हणाल्या. "केकला काही होत नाही इतक्याने."

मला काय वाटलं ते सांगतो. मला रडू आलं. मोठा माणूस, मी वॉशिंग मशीनला टेकून खाली बसलो आणि चिरलेला पेला मांडीवर घेऊन रडलो. बायकोने कुलूप बदललं. ती काकूंना एक शब्द बोलली नाही. फक्त नव्या कुलपाची किल्ली त्यांना दिली नाही. शेजारधर्मात याहून मोठी शिक्षा नाही.

साडूंकडच्या जेवणाच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. त्या दिवशीचा पेला मी जसा केला तसा मी आयुष्यात काही केलेलं नाही. बायको स्टुलावर. "डावा हात!" "फिरवा!" "थांबलात, थांबलात!" असं ओरडून ओरडून तिचा घसा बसला. वाटी जमली. हंस जमला, त्याने मान वळवली आणि तशीच ठेवली. पेला वाकडा होऊ नये म्हणून मी दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा टांगला होता. त्या दोऱ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, मऊ काचेला केसभर इकडे, केसभर तिकडे करत मी तो असा सरळ उभा केला की गवंड्याने तोंडात बोट घालावं. दुपारी तो भट्टीत गेला. दार लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून पहिल्यांदा हसलो, आणि दाराची बेल वाजली.

अग्निशमन खात्याचे इन्स्पेक्टर आले होते. सेक्रेटरी त्यांच्या मागे होते, डोळे जमिनीकडे लावून. तक्रार आली होती.

इन्स्पेक्टरांनी सिलेंडर पाहिला, बर्नर पाहिला, मान हलवली. "हे सगळं आजच्या आज इथून हलवायचं. राहत्या घरात चालणार नाही." मी मान्य केलं, माझं काम झालं होतं. मग त्यांची नजर भट्टीवर गेली. "यात काय आहे?"

"पेला."

"उघडा."

"नाही उघडता येणार. उद्या सकाळपर्यंत नाही."

खाकी गणवेशातल्या माणसाला 'उघडता येणार नाही' म्हटलं की त्याला ते उघडल्याशिवाय झोप येत नाही. "असं काय आहे आत की दाखवता येत नाही?" त्यांनी हात पुढे केला. मी ओरडणार इतक्यात बायको मध्ये आली. पदर खोचून ती भट्टीसमोर उभी राहिली, बसलेल्या घशाने, आणि म्हणाली, "साहेब, तुम्हाला बहीण आहे?"

"आहे. थोरली."

"ती तुम्हाला कधी कमी लेखते?"

इन्स्पेक्टरांचा पुढे केलेला हात खाली आला. "म्हणजे... घर तिनेच मोठं बांधलंय आमच्यापेक्षा. सारखं सांगते."

बायकोने त्यांना सगळं सांगितलं. वेणीपासून पेल्यापर्यंत. सेक्रेटरी मधूनमधून घड्याळाकडे बघत होते. सांगून झाल्यावर तिने एक खुर्ची आणून भट्टीसमोर ठेवली. "बसा. सकाळपर्यंत बसा हवं तर, चहा देते. पण दार उघडायचं नाही." इन्स्पेक्टर खुर्चीवर बसले. चहा प्यायले. आपल्या बहिणीबद्दल बरंच काही बोलले, त्यातलं काही इथे सांगणं योग्य नाही. उठताना सेक्रेटरींना म्हणाले, "भट्टी घरगुती वापराची दिसते. सिलेंडर मात्र हलवा." सिलेंडर वेल्डिंगवाल्याकडे परत गेला. आता दुसरा पेला होणं शक्य नव्हतं. जे होतं ते भट्टीत होतं.

सकाळी दार उघडलं. तो उभा होता. अखंड, सरळ, निळा हंस मान वळवून बसलेला. मी त्याला हात लावायच्या आधी धुतले हात पुन्हा धुतले.

साडूंकडे कंपनीतले त्यांच्याहूनही मोठे साहेब सपत्नीक आले होते. मी डब्यातून, मऊ कापडातून, पेला काढला आणि टेबलावर ठेवला. मग ताईंनी कमरेची किल्ली काढली, शोकेस उघडली, त्यांचा पेला आणला आणि शेजारी ठेवला. तो पेला त्या दिवशी मी पहिल्यांदा कपाटाबाहेर पाहिला, आणि पहिल्यांदाच मला एक गोष्ट दिसली. तो कलता होता. फार नाही, थोडासा. तिकडच्या कारागिराने कदाचित पाच मिनिटांत गप्पा मारत केला असेल. दोरा आणि नट घेऊन बसायची त्याला काय गरज?

ताई स्वयंपाकघरात वाढायचं बघायला गेल्या. साहेबांनी दोन्ही पेले दोन हातांत घेतले, खिडकीकडे धरून बघितले, आणि परत ठेवले. ठेवताना जागा बदलल्या. मी पाहिलं. बायकोने पाहिलं. साडू साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

ताई चष्मा लावून आल्या. वाकून दोन्ही पेले निरखले. "फरक लगेच कळतो, नाही?" त्या माझ्या पेल्याला बोट लावून म्हणाल्या. "हा बघा आमचा. कसा ताठ उभा आहे. आणि हा..." त्यांनी व्हेनिसचा पेला उचलला. "छान केलाय हो भाऊजी, खरंच. पण कलंडलाय जरा. हंसाला मोडशी झाल्यासारखी दिसते."

"अस्सल हात लपत नाही," साहेब माझ्या पेल्याकडे बघत म्हणाले.

"सात पिढ्या तेच करतात ते लोक," साडू म्हणाले.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोचा पाय माझ्या पायावर आला आणि तिथेच राहिला. पूर्ण वजनानिशी.

"जोडी म्हणून शोभायचा नाही शेजारी," ताई म्हणाल्या. "राग मानू नका. तुम्हीच ठेवा, आठवण म्हणून." आणि ज्याच्या जोडीसाठी महिनाभर त्या हळहळत होत्या, तो परदेशी पेला त्यांनी स्वतःच्या हाताने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बायकोच्या हातात दिला. माझा पेला शोकेसमध्ये गेला. दिवा लागला. कुलूप लागलं.

रस्त्याला लागेपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो. "चोर सोडून संन्याशाला फाशी!" मी ओरडलो. "माझा पेला! माझा! तो वाकडा त्यांचा आहे! तू गप्प का बसलीस? परत जाऊ. आत्ता."

"जाऊन काय सांगणार? ती मानेल?"

"नाही मानणार. म्हणेल, खोटं बोलतायत."

"मग?"

"पण हा त्यांचा आहे! आपण चोर ठरलो!"

"तिने स्वतः दिलाय. सगळ्यांसमोर. हातात." ती वर्तमानपत्राचं पुडकं छातीशी धरून चालत होती, आणि तिची चाल मी इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती तशी होती. "तिच्या कपाटात, तिच्या दिव्याखाली, माझ्या नवऱ्याने केलेली वस्तू आहे. रोज स्वतःच्या हाताने ती पुसणार. येईल त्याला दाखवणार. आणि सांगणार की असं कुणाला जमत नाही."

"पण कुणाला कळणार ते?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली. माझा राग मात्र तसाच होता.

आठवडाभराने ताईंचा फोन आला. साडूंकडे आणखी पाहुणे येऊन गेले होते, पेल्यासमोर तासभर उभे राहिले होते. "भाऊजींना दे जरा," ताई म्हणाल्या. बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि समोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, वाईट नाही ना वाटलं? तुमचा तो पेला टाकून देऊ नका हं. पहिलाच प्रयत्न होता. जपून ठेवा."

सगळं खरं माझ्या जिभेवर आलं. ओळंबा, डावा हात, इन्स्पेक्टर, सगळं. एक वाक्य पुरलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, काही नाही; नुसती बघत होती, आणि तिचे डोळे असे हसत होते की ते हसू मी स्वतःच्या मानासाठी घालवणं शक्य नव्हतं.

"ठेवलाय, ताई," मी म्हणालो. "पण काय आहे, ज्याने केला त्याचा हात अजून जरा कच्चा होता."

बायको तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली.